करंट बंद, तरी एमआर डॅम्पर जड: फ्लुइड बदलण्याआधी काय काय तपासायचं

वागळे इस्टेटमधल्या टेस्ट बेंचपासून ऐरोली-नेरुळच्या कॉलेजांतल्या प्रोजेक्ट रिगपर्यंत एमआर (मॅग्नेटो-ऱ्हिओलॉजिकल) डॅम्परबद्दल, म्हणजे करंट दिला की आतलं फ्लुइड घट्ट होऊन जड होणाऱ्या धक्काशोषकाबद्दल, एकच तक्रार फिरून फिरून येते: ‘करंट शून्य आहे, तरी जड चालतो. मध्येच अडकतो. रॉडवर काळं काहीतरी येतं.’ त्यावर उत्तरही ठरलेलं असतं: फ्लुइड जाड झालं, बदलून टाका. आयात केलेल्या फ्लुइडचा लिटरचा भाव पाच आकड्यांत जातो. एवढा खर्च करून नवं भरावं आणि दोन महिन्यांत तीच तक्रार परत यावी, असं होतं याचं कारण साधं आहे. दोष फ्लुइडचा नसतो, किंवा फक्त फ्लुइडचा नसतो.

आत काय असतं ते थोडक्यात. तेलात लोखंडाची अतिसूक्ष्म भुकटी, जिला कार्बोनिल आयर्न म्हणतात. कण साधारण १ ते १० मायक्रॉनचे, गोल. घनफळाने हा वाटा २० ते ४० टक्के असला तरी वजनाने फ्लुइडचा ७० ते ८५ टक्के भाग लोखंडच असतं. कॉइलमधून करंट गेला की पिस्टनच्या फटीत कणांच्या साखळ्या उभ्या राहतात आणि फ्लुइड काही मिलिसेकंदांत घट्ट होतं. करंट गेला की साखळ्या मोडायला हव्यात. जडपणा राहतो तेव्हा एकतर त्या मोडलेल्या नसतात, किंवा जडपणा मुळात फटीतला नसतोच.

लक्षणं नीट वाचा

‘जड’ या एका शब्दात पाच-सहा वेगळे आजार लपतात. डबा उघडण्याआधी जडपणा कसा आहे ते लिहून काढा.

सुट्टीनंतर पहिले आठ-दहा स्ट्रोक जड, मग मोकळा: गाळ बसला आहे.

सकाळी मोकळा, पूर्ण करंटवर एकदा चालवला की बंद केल्यावरही जड: पोलादात चुंबकत्व उरलं आहे, नाहीतर ड्रायव्हर (कॉइलला करंट पुरवणारं सर्किट) पूर्ण बंद होत नाही.

दिशा बदलताना झटका, हळू ओढताना ‘टक्-टक्’ करत सरकणं: सीलचं (रॉडभोवती फ्लुइड अडवणाऱ्या रबरी कड्याचं) घर्षण.

स्ट्रोकच्या एकाच जागी जड, बाकी ठीक: अलाइनमेंट किंवा त्या जागी रॉड खराब.

हळू हलवला तर ठीक, वेगात नेला की जड, आणि हे महिनोन् महिने वाढत चाललेलं: इथे मात्र फ्लुइडवर संशय घ्यायला जागा आहे.

उलट दिशेला पहिले काही मिलिमीटर पोकळ, जोरच लागत नाही: आत हवा शिरली आहे किंवा काही डॅम्परांत भरलेल्या गॅसचा दाब गेला आहे. हा जडपणाचा आजार नाही. खालच्या तपासण्यांत वेळ न घालवता थेट शेवटच्या भागाकडे जा.

ठाण्या-नवी मुंबईत थंडीचं कारण चालत नाही. इथला पारा तेल गोठवण्याइतका कधी उतरत नाही. पावसाळ्यातली दमट हवा मात्र खरोखर त्रास देते, ते पुढे येईलच.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली: कनेक्टर काढा. ड्रायव्हरचा नॉब शून्यावर आणणं वेगळं आणि वायर काढणं वेगळं. बऱ्याच ड्रायव्हरांतून ‘शून्या’वरही ३०-४० मिलिअँपिअर वाहत राहतात. ज्या डॅम्परला १ अँपिअरवर दोन हजार न्यूटन बल येतं, त्याला एवढा करंट जड करायला पुरेसा आहे. वायर काढल्यावर रॉड मोकळा झाला तर डॅम्पर निर्दोष आहे. ड्रायव्हरचा ऑफसेट दुरुस्त करा, नाहीतर शून्याला कॉइल पूर्ण तोडणारा रिले घाला. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, तरी ती सगळ्यात शेवटी केली जाते.

दुसरी: चाळीस-पन्नास पूर्ण स्ट्रोक, हळू, करंटशिवाय. लोखंडाची घनता ७.८ च्या वर, तेलाची ०.८ च्या आसपास; तेव्हा कण खाली बसणारच. चांगल्या फ्लुइडचा गाळ दह्यासारखा मऊ असतो आणि ढवळला की मिसळतो. इथल्या अनेक गाळ्यांत शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून शनिवारी सकाळी ही तक्रार जास्त येते. दोन गोष्टी पाळा. स्ट्रोक पूर्ण लांबीचा द्या. मधल्या मध्ये हलवल्याने टोकांचा गाळ तसाच राहतो. आणि गाळ फोडायला करंट देऊ नका. बसलेल्या गाळावर चुंबकीय क्षेत्र आलं की तो आणखी दाबून बसतो. पन्नास स्ट्रोकनंतरही काहीच फरक नसेल तर गाळ कडक झाला आहे किंवा कारण दुसरं आहे.

तिसरी: अलाइनमेंट. दोन्ही टोकांच्या पिना काढा आणि परत घाला. पिन बोटाने जायला हवी. हातोडी लागत असेल तर रॉड आडवा ढकलला जातोय आणि सील एका बाजूने घासतंय. रॉड-एंड बेअरिंग हाताने सगळीकडे फिरतं का तेही पाहा. गंजून बसलेलं रॉड-एंड बाहेरून शाबूत दिसतं. शिवाय डॅम्परची नळी यू-क्लॅम्पने आवळली असेल तर क्लॅम्प ढिला करून पाहा. पिस्टन आणि नळीमधली फट अर्ध्या ते दोन मिलिमीटरची असते. पातळ नळी क्लॅम्पखाली किंचित जरी चपटली तरी पिस्टन तिथे टेकतो. आडव्या लावलेल्या डॅम्परमध्ये पिस्टनचं वजनही खालच्या बाजूला येतं, म्हणून रॉडची खालची बाजू आधी चकचकीत होते.

रॉड पुसा आणि कागद बघा

पांढरा टिश्यू, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक चुंबक, एवढंच सामान. रॉड स्वच्छ पुसा (अल्कोहोल सीलच्या ओठाखाली जाऊ देऊ नका), वीस स्ट्रोक द्या, आणि परत कोरड्या टिश्यूने पुसा.

टिश्यूवर राखाडी तेलकट झाक आली तर ठीक. रॉडला चिकटण्याइतपत तेल बाहेर येणारच, नाहीतर सील कोरडं घासेल.

काळी पेस्ट आली आणि पिशवीतल्या चुंबकाकडे ती सरकली, तर सीलखालून लोखंड बाहेर येतंय. सील गेलं, किंवा रॉडला ओरखडा आहे.

तिसरा प्रकार फसवा असतो. टिश्यूवर जवळजवळ स्वच्छ तेल येतं, चुंबकाला काहीच लागत नाही. ‘काळं नाही, म्हणजे चिंता नाही’ म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण इथे सील गाळणीचं काम करतंय: तेल बाहेर, लोखंड आत. आतल्या फ्लुइडमधला लोखंडाचा वाटा वाढत जातो आणि काही महिन्यांनी ‘फ्लुइड जाड झालं’ असं निदान होतं. निदान बरोबर, कारण चुकीचं. अशा डॅम्परमध्ये नवं फ्लुइड भरलं तर तेही त्याच वाटेने जाईल.

आता रॉड उजेडात तिरका धरून फिरवा आणि नख आडवं फिरवा. लांबीच्या दिशेने बारीक रेघा दिसतात पण नखाला लागत नाहीत, तर अजून वेळ आहे. नख अडलं तर त्या रॉडवर नवं सीलही टिकणार नाही.

मऊ सील आणि कडक क्रोम असताना रॉड कसा झिजतो, हा प्रश्न हमखास विचारला जातो. हार्ड क्रोमचा कडकपणा साधारण ८०० ते १००० विकर्स (कडकपणाचं माप), सील तर पॉलियुरेथेन किंवा रबर. मग झिजायला हवं सील. पण लॅपिंग (मऊ पट्टीवर घासकण लावून धातू गुळगुळीत करणं) करणाऱ्या कारागिराला हे उत्तर माहीत असतं: मऊ लॅपमध्ये कण रुततात आणि कडक जॉब कापला जातो. सीलच्या ओठात लोखंडाचे कण आणि त्यांचे ऑक्साइडचे तुकडे रुतले की सील हीच बारीक पॉलिश पट्टी होते. सील शाबूत दिसतं, रॉड मात्र खाल्ला जातो. (याच गुणाचा चांगला उपयोगही होतो. पाण्यात कार्बोनिल आयर्न आणि सिरियम ऑक्साइड घालून केलेल्या एमआर फ्लुइडने कॅमेरा-दुर्बिणींच्या लेन्स पॉलिश करतात. काच घासणारी वस्तू आपल्या रॉडला सोडेल अशी अपेक्षा करू नये.)

आणखी एक तपासणी: रॉडला टाचणी लागते का? दोऱ्याला टाचणी बांधून सीलजवळच्या भागाकडे न्या. रॉडने टाचणी ओढली तर रॉडच चुंबक झाला आहे आणि तो कण सीलखाली खेचत राहणार. कारण बरेचदा क्षुल्लक असतं. ग्राइंडिंगवाल्याने मॅग्नेटिक चकवर धरून विचुंबकन (उरलेलं चुंबकत्व काढणं) न करताच रॉड परत दिलेला असतो, किंवा डायल गेजचा मॅग्नेटिक बेस रात्रभर त्या रॉडवर बसलेला असतो.

मल्टिमीटर

कॉइलचा रोध मोजा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून वायरचा रोध बघा, तो ०.२ ते ०.४ ओहम असतो. तो वजा करा. पाच ओहमच्या कॉइलमध्ये हा फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही. थंड डॅम्परचा आकडा नोंदवून ठेवा, कारण पुढे तोच थर्मामीटरचं काम करतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २७ अंशांना ५.० ओहम असलेली कॉइल चालवल्यावर ५.९ दाखवत असेल तर ती साधारण ७३ अंशांवर पोचली आहे. बाहेरून हात लावून हे कळत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटा कमी आकडा देतो; वापरायचाच असेल तर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखा.

मग कॉइल आणि बॉडीमध्ये सर्वांत वरच्या रेंजवर बघा. काहीही आकडा दिसला तर वायरचं इनॅमल घासलं गेलं आहे. लोखंडाची भुकटी इनॅमललाही सोडत नाही. कॉइल बॉडीला लागली की करंट भलत्या वाटेने जातो आणि चालू-बंद दोन्ही स्थितींतले आकडे विश्वासाचे राहत नाहीत.

ताणकाटा: घर्षण कुठलं ते इथे कळतं

ही तपासणी केली नाही तर बाकी सगळा अंदाज. लागतो ५० किलोचा हँगिंग काटा (किंवा लोड सेल), एक मोजपट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. कनेक्टर काढलेला, गाळ मोकळा केलेला, डॅम्पर खोलीच्या तापमानाला.

तत्त्व एका ओळीचं आहे: तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढतो, सीलचं घर्षण वेगाने फारसं बदलत नाही. म्हणून एकच डॅम्पर दोन वेगांना ओढायचा, एक दुसऱ्याच्या दहापट. समजा ५ आणि ५० मिलिमीटर प्रति सेकंद. ५० मिलिमीटर अंतर हळू म्हणजे दहा सेकंदांत, वेगात म्हणजे एका सेकंदात. हाताने अगदी अचूक जमत नाही, प्रत्येकी पाच वेळा करून सरासरी घ्या. रिगवर ॲक्च्युएटर असेल तर उत्तमच.

हळू चालीच्या बलात वेगावर न अवलंबणारा भाग ‘क’ आणि तेलाचा भाग ‘त’ धरा. हळू चालीला क + त, दहापट वेगाला क + १० त. दोन्ही वाचनांतला फरक ९ ने भागला की त मिळतो.

पहिलं उदाहरण. हळू ६२ न्यूटन, वेगात ९८ न्यूटन. फरक ३६, त म्हणजे ४, क म्हणजे ५८. हळू चालीच्या ६२ मधले ५८ न्यूटन तेलाचे नाहीतच! फ्लुइड बदलून इथे काय हाती लागणार?

दुसरं उदाहरण. हळू ३४, वेगात १७८. फरक १४४, त म्हणजे १६, क म्हणजे १८. सील ठीक आहे, फ्लुइड जाड आहे.

हँगिंग काटा किलोत दाखवतो, ९.८१ ने गुणायला विसरू नका. आत गॅस भरलेला असेल तर रॉड आपोआप बाहेर येतो आणि नुसता आत ढकलायचा आकडा फसवतो, कारण त्यात गॅसचं बलही मिसळलेलं असतं. अशा वेळी आत ढकलायला लागणारं बल आणि त्याच वेगाने बाहेर येताना अडवून धरायला लागणारं बल, दोन्ही मोजा. त्यांच्या फरकाचं निम्मं म्हणजे खरा विरोध. ढकलायला २१० आणि अडवायला ९० न्यूटन लागले तर गॅस १५० चा आणि विरोध ६० चा. वरच्या गणितात हा ६० वापरायचा.

नवा डॅम्पर हाती आला की त्याच दिवशी हे दोन आकडे काढून बॉडीवर मार्करने लिहून ठेवा. वर्षाने तक्रार आली की तुलनेला काहीतरी असतं. हे न केल्यामुळे ‘आधी किती हलका होता’ यावर तासन् तास वाद चालतात.

‘क’ मोठा आला: सील की उरलेलं चुंबकत्व?

दोन्ही वेगाला दाद देत नाहीत, म्हणून वरच्या गणितात एकत्र दिसतात. वेगळं करायचा उपाय म्हणजे विचुंबकन.

बेंच सप्लाय आणि दोन्हीकडे फिरणारा टॉगल स्विच घ्या (मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, किरकोळ किमतीत मिळतो). कमाल सततच्या करंटपासून सुरुवात करा, समजा १ अँपिअर. मग ध्रुव उलटा करून ०.७, परत सुलटा ०.५, उलटा ०.३५, असं प्रत्येक वेळी साधारण सत्तर टक्क्यांवर आणत ०.०२ पर्यंत उतरा. अकरा-बारा पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीला अर्धा-एक सेकंद द्या आणि रॉड हळू हलवत राहा. स्विच फिरवण्याआधी सप्लाय शून्यावर आणा. कॉइलमधला करंट एकदम तोडला तर उलटा झटका बसतो आणि स्विचचे संपर्क जळतात, कधी सप्लायही.

आता ताणकाट्याची दोन्ही वाचनं पुन्हा. ५८ चे २० झाले तर सील निर्दोष होतं, आणि दर वेळी बंद करताना हाच उतरता क्रम ड्रायव्हरने द्यायला हवा. एकाच दिशेने करंट देणाऱ्या ड्रायव्हरला ते जमत नाही, एच-ब्रिज (करंटची दिशा उलटवू शकणारं सर्किट) लागतो. ५८ चे ५५ झाले तर सील.

स्थानिक बनवलेल्या डॅम्परांत हा दोष जास्त दिसतो, कारण पिस्टन ईएन-८ या पोलादाचा कातलेला असतो. ईएन-८ कुठेही मिळतं, लेथवर छान चालतं, पण त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो आणि ते चुंबकत्व धरून ठेवतं. पिस्टनला कमी कार्बनचं मऊ पोलाद घ्यावं आणि कातल्यावर ॲनील करावं (तापवून सावकाश थंड करावं). थोडा खर्च वाढतो, डोकेदुखी पुष्कळ कमी होते.

सील बदलायचंच ठरलं तर

दुकानात सगळी ओ-रिंग काळीच दिसते. तेल कुठलं आहे ते आधी माहीत हवं. खनिज तेल किंवा पीएओ (कृत्रिम) तेलाच्या फ्लुइडला नायट्राइल, व्हायटॉन किंवा पॉलियुरेथेनचं सील चालतं. ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) आणि नैसर्गिक रबर त्यात फुगतं. सिलिकॉन तेलाच्या फ्लुइडमध्ये सिलिकॉन रबर फुगतं. फुगलेलं सील रॉडला आवळतं आणि ‘क’ वाढतो. म्हणजे नवं सील घालून जडपणा वाढला, असा उलटा प्रकार घडतो. खात्री नसेल तर एक सुटी रिंग त्याच तेलात ७० अंशांना तीन दिवस ठेवा आणि आधी-नंतर व्हर्नियरने मोजा.

रॉडला नख अडत असेल तर सील एकट्याने बदलू नका. जुनं क्रोम काढून, ग्राइंड करून पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे काम करणारे मिळतात. सरफेस फिनिश ०.२ ते ०.३ मायक्रॉन मागा. आरशासारखा गुळगुळीत नको, तेलाचा थर टिकत नाही. रॉड परत घेताना विचुंबकन केलंय का ते टाचणी लावून तिथेच बघा. पॉलिश पेपर रॉडच्या लांबीने कधीही मारू नका. तशा प्रत्येक रेघेतून फ्लुइडला बाहेर यायला वाट मिळते. बाहेरचा वायपरही सीलबरोबर बदला. धुळीसाठी तो पहिला पहारेकरी असतो.

‘त’ मोठा आला: आता फ्लुइडकडे

हे फक्त भरण्याचा बूच असलेल्या, गॅस नसलेल्या डॅम्परसाठी.

सुई न लावलेल्या सिरिंजमध्ये १० मिलिलिटर फ्लुइड घ्या, बुडबुडे जाऊ द्या, आणि दागिन्यांच्या छोट्या काट्यावर तोला. रिकाम्या सिरिंजचं वजन वजा करा. लॉर्ड कंपनीच्या एमआरएफ-१३२डीजी या फ्लुइडची घनता २.९५ ते ३.१५ आहे, म्हणजे १० मिलिलिटर २९.५ ते ३१.५ ग्रॅम भरायला हवेत. तुमच्या फ्लुइडचा आकडा त्याच्या पत्रकातून घ्या. ढवळूनही वजन जास्त आलं तर तेल निघून गेलंय (वरचा स्वच्छ तेलाचा टिश्यू आठवा). कमी आलं तर एकतर गाळ वर आलेला नाही किंवा कुणीतरी आत दुसरं तेल ओतलं आहे. हायड्रॉलिक तेल घालून ‘पातळ’ करण्याचा प्रकार होतो. त्याने कण सुटे ठेवणारी रसायनं बिघडतात आणि पुढचा गाळ दगडासारखा बसतो.

बाटलीतला गाळ मिसळायला रंगाच्या दुकानातलं डबे हलवायचं मशीन उत्तम, पाच-दहा मिनिटं. मशीनवाल्याला आधी सांगा की लिटरचा डबा तीन किलोचा आहे, आणि झाकण टेपने बांधा.

रंगही बघा. ताजं फ्लुइड गडद राखाडी असतं. तपकिरी-तांबूस झाक आली तर लोखंड गंजलं. जुलैत बाटली उघडी राहिली, डॅम्परचा बूच सैल राहिला, की खाडीकाठच्या हवेत हे व्हायला वेळ लागत नाही. गंजलेल्या कणाचं चुंबकत्व कमी, म्हणून करंट देऊनही पूर्वीइतकं बल येत नाही. जड झाला आणि चालू स्थितीत कमजोरही झाला, अशी दुहेरी तक्रार असेल तर हेच बघा.

वजन ठीक, रंग ठीक, आणि तरी ‘त’ वाढलेला: मग वापरामुळे फ्लुइड खरोखर घट्ट झालं आहे. भुकटीच्या कणावर ऑक्साइड, कार्बाइड, नायट्राइडचा ठिसूळ थर असतो. साखळ्या दाबून-घासून तो सुटतो आणि त्याचे नॅनो आकाराचे तुकडे तेलात पसरतात. वजनाला नगण्य, पण पृष्ठभाग प्रचंड, आणि तेल त्या पृष्ठभागालाच चिकटतं. फ्लुइड पातळ लेपासारखं होतं, शेवटी बुटाच्या पॉलिशसारखं. यावर उपाय नाही. गाळून, तेल घालून, ढवळून हे परतत नाही.

फ्लुइडने किती काम केलं याचा हिशेब सोपा आहे. बल ८०० न्यूटन, स्ट्रोक ५० मिलिमीटर, सेकंदाला २ फेऱ्या. एका फेरीत जाणं-येणं धरून ८० ज्यूल, सेकंदाला १६०. आत ६० घनसेंटीमीटर फ्लुइड असेल तर तासाला प्रत्येक घनसेंटीमीटरमागे ९,६०० ज्यूल. चांगल्या फ्लुइडकडून प्रति घनसेंटीमीटर एक कोटी ज्यूलच्या आसपास अपेक्षा ठेवतात, म्हणजे इथे सुमारे हजार तास. दोनशे तासांत जाड झालं तर फ्लुइड हलक्या प्रतीचं आहे, किंवा फार तापतंय. १६० वॅट म्हणजे डॅम्परच्या पोटात चालू ठेवलेला छोटा हीटरच.

नवं भरण्याआधी आतला भाग फ्लुइडच्या मूळ तेलानेच दोन-तीनदा धुवा. जुने नॅनो तुकडे कोपऱ्यात राहिले तर नवं फ्लुइड त्यांच्यासह सुरू होतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

डॅम्परवर गॅस व्हॉल्व्ह आहे किंवा रॉड आपोआप जोरात बाहेर येतो: उघडू नका, ड्रिल तर अजिबात नको. आत नायट्रोजन दाबाखाली आहे, टोपी गोळीसारखी सुटते. गॅस गेलेला डॅम्पर भरून देण्याचं कामही चार्जिंगची सोय असलेल्यानेच करावं.

गाडीचा शॉक असेल (२००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलपासून ही पद्धत गाड्यांत आली, इथे काही ऑडी, फेरारी, रेंज रोव्हर इव्होकमध्ये दिसते), तर घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी सील गेलं तरी गल्लीतल्या गॅरेजमध्ये ‘तेल भरून’ घेऊ नका. साधं शॉक ऑइल त्यात चालत नाही, आणि स्प्रिंग उतरवणं हे स्वतंत्र जोखमीचं काम आहे. अधिकृत वर्कशॉपमध्ये पूर्ण युनिट बदलून घ्या.

कृत्रिम गुडघ्यात एमआर यंत्रणा असेल तर वापरणाऱ्याने किंवा घरच्यांनी स्क्रूसुद्धा फिरवू नये. जडपणा जाणवला की बसवून देणाऱ्या प्रोस्थेटिस्टकडे. तोवर जिना टाळावा.

कॉइल बॉडीला लागली आहे, किंवा विचुंबकन करूनही आणि सील बदलूनही ‘क’ खाली येत नाही: पिस्टनच आत टेकतोय. लेथ आणि बोअर गेज असलेल्याकडे द्या. फ्लुइडबद्दल पुरवठादाराशी वाद असेल तर चुंबकीय सेल लावलेल्या ऱ्हिओमीटरवरचा (फ्लुइडचा घट्टपणा मोजणाऱ्या यंत्रावरचा) अहवाल घ्या. घरच्या ताणकाट्याने वॉरंटी मिळत नाही.

सांडलेलं फ्लुइड सुती फडक्याने टिपा. सुकू देऊन मग झाडू किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तेल उडाल्यावर उरते ती बारीक लोखंडी भुकटी, आणि ती ठिणगीने पेटते. फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. जुनं फ्लुइड गटारात गेलं की नाल्यातून थेट ठाणे खाडीत. ते बंद डब्यात साठवून कंपनीच्या घातक कचऱ्याबरोबर तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवा. कॉलेजचं असेल तर प्रयोगशाळेच्या रसायनांबरोबर नोंद करून द्या, आणि डब्यावर ‘तेल’ एवढंच न लिहिता ‘तेल आणि लोखंडी भुकटी’ असं लिहा.